वॉरंटीचा रकाना

“तो बघायला येत नाही, बसायला येतो.”

दुकानदार हे आपल्या बायकोला सांगत होता. ती कॉम्प्युटरपाशी बसून काहीतरी टाइप करत होती, आणि मी हातमोज्यांच्या रॅकमागे उभी होते, त्यामुळे त्या दोघांना दिसत नव्हते. बायको मान वर न करता म्हणाली, “बसू दे की. चहाचा एक कप जातो आपला. तुझा भाऊ येतो तेव्हा बिस्किटं पण जातात.”

‘तो’ म्हणजे माझे बाबा. लीड्सच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, टायरवाला आणि बाथरूमच्या टाइल्सचं शोरूम यांच्या मधोमध हे बंदुकांचं दुकान आहे. बाहेर मोठी पाटी नाही. बेल वाजवायची, आतून कुणीतरी कॅमेऱ्यात बघतं, मग दार उघडतं. बाबा आतल्या काउंटरपाशी उंच स्टुलावर बसले होते. समोर हिरव्या कापडावर एक लिव्हर-ॲक्शन रायफल आडवी ठेवलेली, बाजूला त्यांची वही उघडी. ते रायफलीला हात लावत नव्हते. चष्मा कपाळावर सरकवून, मान जराशी वाकडी करून तिच्याकडे नुसते बघत होते. हॉस्पिटलमध्ये ते एक्स-रे असे बघायचे.

बाबा रेडिओलॉजिस्ट. आधी पुण्यात आणि मग इथे लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये, अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या शरीरातली चित्रं बघायची आणि रिपोर्ट सांगायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी नऊ वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. आई दोन वर्षांपूर्वी गेली. अजून काही वर्षं काम करता आलं असतं, तरी बाबांनी गेल्या वर्षी रिटायरमेंट घेतली. मी बेसिंगस्टोकला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. एकाआड एक शुक्रवारी संध्याकाळच्या ट्रेनने लीड्सला येते आणि रविवारी परत जाते.

मी फारशी बोलत नाही. पुण्यातल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत आणि नंतर इथल्या शाळेतही माझ्या रिपोर्टवर दरवर्षी एकच वाक्य असायचं, की मुलगी हुशार आहे पण वर्गात तोंड उघडत नाही. बाबा त्याखाली सही करायचे आणि म्हणायचे, “बघते ना पण. बघणारं माणूसही लागतं घरात.”

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात हॉस्पिटलमधला एक जुना पोर्टर, पेशंटच्या खाटा हलवणारा, त्यांना आपल्या शूटिंग क्लबमध्ये घेऊन गेला. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या तळघरात त्यांची नेमबाजीची रेंज आहे. त्या रात्री बाबांचा फोन आला. “अगं, श्वास सोडायचा, थोडा धरायचा, मग चाप. एनसीसीच्या कॅम्पात हवालदार शिकवायचा तेच. चाळीस वर्षं झाली, पण हात विसरला नाही.” कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला आपणहून काहीतरी सांगितलं होतं. त्यानंतर ते शनिवारी, क्लबच्या दिवशी, सकाळी दाढी करायला लागले. बाकीच्या दिवशी नाही, पण शनिवारी नक्की. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्याच्या दुसऱ्या पारड्यात हे आहे.

इथे पिस्तूल ठेवायला परवानगी नाही. म्हणून पिस्तुलाची काडतुसं वापरणाऱ्या या लिव्हर-ॲक्शन रायफली क्लबांमध्ये चालतात. चापाच्या भोवती लोखंडी कडी असते, तीच लिव्हर. ती खाली ओढली की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं, परत वर घेतली की नवं आत बसतं. बाबा वर्षभर क्लबची रायफल वापरत होते. आता त्यांना स्वतःची हवी होती. त्यासाठी पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. फॉर्म भरून झाला होता, त्यांच्या जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, पत्र गेलं होतं, दोन ओळखीच्या माणसांनी सह्या केल्या होत्या. आता पोलिसांचा एक माणूस घरी येऊन बाबांशी बोलणार होता आणि रायफल ठेवायचं कपाट बघणार होता. तोपर्यंत विकत घेता येत नव्हती. फक्त दुकानात येऊन तुलना करता येत होती.

चार रायफली होत्या. आम्ही त्यांना कंपन्यांच्या नावाने ओळखत नव्हतो, क्रिकेटच्या टीमसारखं देशांच्या नावाने ओळखत होतो. इटालियन, ब्राझिलियन, अमेरिकन, जपानी. बाबांनी वहीत प्रत्येकीचा रिपोर्ट लिहिला होता, हॉस्पिटलमध्ये लिहायचे तसा. इटालियनखाली होतं: ‘अक्रोडाचं लाकूड, पितळी भाग चकचकीत, किंचित जास्तच. लिव्हर मऊ. नळी अष्टकोनी, त्यामुळे वजन पुढे झुकतं.’ अमेरिकनखाली: ‘काडतुसं नळीच्या पुढच्या टोकाकडून भरायची, बाजूच्या खिडकीतून नाही. वयस्कर माणसाला सोय की गैरसोय, ते प्रत्यक्ष पेशंट बघून ठरवावं.’ जपानीखाली: ‘फिनिश निर्दोष. घोड्याच्या मागे सेफ्टीचं बटण, क्लबातल्या जुन्या लोकांना मान्य नाही. इतर कोणताही दोष आढळला नाही.’ आणि ब्राझिलियनखाली: ‘लिव्हर घासते. स्क्रू अधूनमधून आवळावे लागतात असा इतिहास. हलकी. आखूड काडतूस विनातक्रार घेते.’

या सगळ्याचा तक्ता मी लॅपटॉपवर करून दिला होता, प्रिंट काढून वहीत चिकटवला होता. रकाने बाबांनीच सांगितलेले. वजन, लिव्हरची ओढ, आखूड काडतूस अडकतं का, लाकूड, आणि शेवटी वॉरंटी व स्पेअर पार्ट.

दुकानदार काउंटरपाशी आला. “डॉक, तुम्ही परत परत या ब्राझीलवालीकडे येताय. ती गाडीमागे जोडतात त्या कॅरॅव्हॅनसारखी आहे. पहिल्या वर्षी मजा येते, मग दर सुट्टीत काहीतरी निखळतं.”

“आपल्या कॅरॅव्हॅनचं दार तू निखळवलंस,” बायको तिकडून म्हणाली.

“मी खरं ते सांगतो. सहा-सात वर्षांनी एखादा पार्ट गेला, तर तो मिळेल याची खात्री मी देत नाही. जपानीचं तसं नाही. ती तुमच्या मुलीलाही पुरेल.”

बाबा हसले. “सहा-सात वर्षांनी,” ते म्हणाले. मग खिशातून पेन काढून त्यांनी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. पट्टी न लावता. “हा रकाना नको. उगाच निर्णय अवघड होतो.”

दुकानदाराला त्यात काही वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. तो आमच्या घरात वाढला नव्हता.

आमच्या घरात वॉरंटीची एक फाइल आहे. निळी, पाठीवर आईच्या अक्षरात ‘घरातल्या वस्तू’. किटलीपासून बॉयलरपर्यंत प्रत्येक गोष्टीचं कार्ड त्यात प्लास्टिकच्या पाकिटात आहे. किटली घेताना बाबांनी तीन आठवडे घेतले होते, डिशवॉशरला चार महिने. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच, की टिकेल किती आणि पार्ट मिळतील का. पुण्याहून येताना कुकरच्या रिंगा आणायच्या तर एक नाही, पाच. आई म्हणायची, “अहो, कुकर आपल्यापेक्षा जास्त जगेल.” बाबा म्हणायचे, “मग तिला लागतील ना,” आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. त्या पाचातल्या तीन अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

मला लहानपणी त्यांनी एकदा हॉस्पिटलमध्ये नेऊन एक छातीचा एक्स-रे दाखवला होता. म्हणाले, “आधी कोपरे बघायचे. मधे काय आहे ते कुणालाही दिसतं. सुटतं ते कोपऱ्यातलं.” मी त्या दिवशी हातमोज्यांच्या रॅकपाशी उभी राहून त्या तक्त्याचा कोपरा बघत होते.

परतताना गाडी बाबांनी चालवली. पाऊस नव्हता, पण काचेवर सतत ओल धरत होती आणि बाबा ती हाताच्या बाहीने पुसत होते. मी मनात वाक्य तयार केलं. बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? ते फार साधं वाटलं. दुसरं केलं. बाबा, तुम्ही ती रेघ का ओढलीत? ते फार उघडं वाटलं. तिसरं तयार होईपर्यंत आमच्या रस्त्याचं वळण आलं. बाबा म्हणाले, “भूक लागली असेल तुला. सूप आहे फ्रीजमध्ये.” मी हो म्हणाले.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, जी मला बऱ्याच आधीपासून माहीत होती.

पोलिसांचा फॉर्म ऑनलाइन होता आणि तो मी भरला. बाबा मागे उभे राहून उत्तरं सांगत होते, मी टाइप करत होते. त्यात तब्येतीच्या प्रश्नांची एक यादी येते. हृदय, फिट्स, दारू. मग विचारतात, डिप्रेशन किंवा मनाच्या कुठल्या आजारावर कधी उपचार घेतले आहेत का. बाबा म्हणाले, “नाही.” माझी बोटं थोडी थांबली. ते पुन्हा म्हणाले, “नाही, बाळा. पुढे.” मी ‘नाही’वर क्लिक केलं.

ते उत्तर खोटं होतं, कारण औषधं मी स्वतः आणत होते. आई गेल्यावर काही महिन्यांनी मी चुलतबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेले होते, तेव्हा बाबांचे एक वर्गमित्र, मी त्यांना काका म्हणते, हॉलच्या पार्किंगमध्ये मला भेटले आणि मिठाईच्या पिशवीतून एक पाकीट दिलं. “बाबांचं ॲसिडिटीचं आहे,” म्हणाले. विमानात मी स्ट्रिपवरचं नाव वाचलं. फोनवर शोधायला लँडिंगपर्यंत थांबावं लागलं. ते ॲसिडिटीचं नव्हतं.

आमच्या ओळखीच्या डॉक्टरांमध्ये हे सगळे करतात. एकमेकांना फोनवर तपासतात. रक्तदाब, गुडघे, साखर, सगळं वर्गमित्रांच्या ग्रुपवर निघतं आणि जो कुणी पुण्या-मुंबईहून येत असेल त्याच्या बॅगेतून औषधं येतात. जीपीकडे जायला कमीपणा वाटतो असं नाही, सवयच नाही. आणि ही तर मनाची गोष्ट. बाबा ज्या हॉस्पिटलमध्ये काम करायचे, तिथल्या सायकिॲट्रीच्या रिसेप्शनिस्टलाही त्यांचं नाव, त्यांची गाडी, त्यांच्या डब्यात काय असतं ते माहीत होतं. तिथे कसे जाणार? म्हणून त्यांच्या रेकॉर्डवर काहीच नाही. जीपीने लिहिलेलं पत्र अगदी खरं होतं, त्याला माहीत होतं तेवढं. त्यानंतर मी दोनदा पुण्याला गेले आणि दोन्ही वेळा पाकीट आणलं. कस्टमच्या हिरव्या, ‘जाहीर करण्यासारखं काही नाही’ अशा रांगेतून चालताना माझे कान गरम व्हायचे. बाबांच्या हातात दिलं की ते म्हणायचे, “ठेव तिथे,” आणि टीव्हीकडे बघायचे. त्याच्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. मला वाटायचं, न बोलणं हीच मदत आहे.

त्याच शनिवारी, दुकानातून आल्यावर बाबा दुपारी जरा आडवे झाले असताना, मी त्यांच्या खोलीतला मोज्यांचा ड्रॉवर उघडला. हिवाळ्यात आणलेलं शेवटचं पाकीट तसंच होतं. त्याला मी मुंबई विमानतळावर केसांचा रबर गुंडाळला होता, पाकीट उघडू नये म्हणून, दुहेरी आणि आडवा पीळ देऊन. रबर तोच होता. पीळही तोच. मी ड्रॉवर बंद केला आणि जिन्यात बसून राहिले.

जिन्याच्या वरच्या छोट्या खोलीत पूर्वी आईचं शिलाई मशीन होतं. आता तिथे लोखंडी कपाट आहे, बाहेरच्या विटांच्या भिंतीला चार बोल्टनी ठोकलेलं, आत काही नसलेलं. त्याच्या किल्ल्या कुठे आहेत ते मला माहीत नाही. कायद्याने मला माहीत नसायलाच हव्यात. या घरात आईच्या कपाटापासून गॅरेजपर्यंत सगळ्या किल्ल्या स्वयंपाकघरातल्या एका हुकवर असायच्या आणि आई म्हणायची, चोर आला तर बिचाऱ्याला शोधायला नको. आता या घरात एक अशी किल्ली होती जी फक्त एकाच माणसाला माहीत होती.

रविवारी सकाळी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या काकू आल्या. बाबांच्या फॉर्मवर सही केलेल्या दोघांपैकी त्या एक. त्यांचे मिस्टर बाबांबरोबर हॉस्पिटलमध्ये होते. आल्या आल्या त्यांनी फ्रीज उघडून आत काय आहे ते बघितलं.

“अगं, किती बारीक झालेत हे. तू येतेस तेव्हा तरी जेवतात ना? आणि बंदूक कशाला हवी, मी विचारलं त्यांना. इथे साधं झुरळ निघत नाही, साप कुठला मारणार?”

“टार्गेट शूटिंग आहे, काकू,” मी म्हणाले.

“हो, ते सांगितलं त्यांनी. ह्यांना म्हटलं, तुम्ही पण जा जरा, सोफ्यावरून उठाल तरी.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि काय काय विचारतात गं त्या पोलिसांच्या कागदावर. माणूस उदास असतो का, एकटा राहतो का, वागणं बदललंय का. मी सगळ्याला नाही लिहिलं. बायको गेल्यावर माणूस काय नाचेल का? पण ते काही डिप्रेशन नव्हे. आपल्याकडे कुणाला असतं?”

मी चहाचे कप विसळत होते. नळ बंद केला असता तर मला बोलावं लागलं असतं. मी नळ चालू ठेवला.

काकू वाईट नाहीत. आई आजारी असताना सहा महिने त्या रोज डबा देत होत्या. त्यांनी ‘नाही’ लिहिलं आणि मी ‘नाही’वर क्लिक केलं, आणि पुण्यातले काका कुठे काही लिहितच नव्हते. आम्ही सगळे त्यांच्यावर प्रेम करणारेच होतो. आमच्यातल्या कुणा एकाला बाबा परके असते, तर कदाचित बरं झालं असतं.

बेसिंगस्टोकला परतल्यावर मी ऑफिसच्या पार्किंगमधून काकांना फोन केला. आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं.

“काका, बाबा तुमचं औषध घेत नाहीयेत. पाकीट उघडलंच नाहीये.”

“मला वाटलंच,” काका म्हणाले. “मागवलं नाही त्याने परत. मी म्हटलं बरं वाटत असेल. अगं, मी त्याला शंभरदा सांगितलंय, तिथे कुणाला तरी दाखव. इतक्या लांबून मी काय करणार?”

“ते रायफल घेतायत.”

“काय?”

“क्लबसाठी. टार्गेटची. पोलीस येणार आहेत बघायला, पुढच्या शुक्रवारी.”

मग काका एकदम डॉक्टरांच्या आवाजात बोलायला लागले. “हे बघ, तू घाबरू नकोस. तो जबाबदार माणूस आहे. तू त्याच्याशी बोल, शांतपणे. मात्र बाहेर कुठे हे सांगू नकोस बरं का. त्याचं नाव आहे तिथे. आणि माझंही, काय, प्रिस्क्रिप्शनशिवाय...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “तू समजूतदार आहेस. लहानपणापासून तू कधी कुणाचं काही बाहेर बोलली नाहीस.”

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं.

पुढचे दहा दिवस मी काम केलं, जेवले, झोपले. पोलिसांच्या बंदूक परवान्याच्या विभागाचा नंबर मी फोनमध्ये साठवून ठेवला, त्याला ‘डेंटिस्ट’ असं नाव दिलं. दोनदा लावला आणि रिंग व्हायच्या आत कापला. एकीकडे वाटायचं, माझा अंदाज चुकला तर? तो माणूस शनिवारी दाढी करून बाहेर पडतो, तळघरात चार लोक त्याला डॉक म्हणतात, तो वहीत विनोदी रिपोर्ट लिहितो. एका फोनने मी ते सगळं बंद करणार. क्लबही जाईल, नावही जाईल, आणि माझ्याशी जे थोडं बोलतात तेही जाईल. मग ते औषध कशाच्या जोरावर घेतील? दुसरीकडे ती रेघ होती. मी टेस्टर आहे. एखादी गोष्ट नव्याण्णव वेळा नीट चालली आणि एकदा चालली नाही, तर त्या एकदाबद्दल लिहिण्याचा मला पगार मिळतो.

शुक्रवारची सुट्टी घेऊन मी गुरुवारीच लीड्सला आले. बाबांना सांगितलं, घरून काम आहे.

पोलिसांचा माणूस सकाळी अकराला आला. साठीच्या जवळचा, गणवेशात नव्हता, गळ्यात ओळखपत्र. दारातच त्याने न सांगता बूट काढले. वर जाऊन कपाटाचं दार हलवून बघितलं, बोल्टवरून अंगठा फिरवला, म्हणाला, “हे तर बँकेसारखं बसवलंय.” मग बैठकीच्या खोलीत बसून बाबांना एकेक प्रश्न विचारले. बाबा इस्त्रीच्या शर्टमध्ये होते. दाढी केली होती, शुक्रवार असूनही. त्यांनी सगळी उत्तरं नीट दिली आणि शेवटी वही दाखवली. तो माणूस रिपोर्ट वाचून खरंच हसला.

“इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं कुणी केलेलं पाहिलं नाही. मग ठरली कुठली?”

“ब्राझिलियन,” बाबा म्हणाले.

“जपानी जास्त टिकली असती, असं या खोडलेल्या रकान्यात दिसतंय.”

“हो. पण ब्राझिलियन हलकी आहे. मला पुरेल.”

‘मला पुरेल’ हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. मग हातांवर जोर देऊन उठले. “चहा घ्याल ना? आमचा, आल्याचा.”

ते आत गेले. किसणीचा आवाज यायला लागला. तो माणूस माझ्याकडे वळला आणि म्हणाला की हे सगळ्यांनाच विचारतात, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना, यात विशेष काही नाही. वडील कसे आहेत? आई गेल्यापासून?

माझ्याकडे कागद होता, जीन्सच्या मागच्या खिशात, चार घड्या घातलेला. त्यावर पाच वाक्यं होती, इंग्रजीत, क्रमाने.

“ठीक आहेत,” मी म्हणाले.

“काळजी वाटावी असं काही?”

मी मान हलवली. नाही, अशी. त्याने ते लिहून घेतलं. माझं तेच ‘नाही’, फक्त या वेळी त्याच्या अक्षरात. मग त्याने फाइल मिटली, पेनाचं टोपण लावलं, आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघून विचारलं की ही बाग आमचीच का. मी हो म्हणाले. त्याचं काम संपलं होतं. चहा झाला की तो बूट घालणार होता.

बाबा ट्रे घेऊन आले. आईच्या निळ्या काठाच्या कपांचा सेट होता, पाहुण्यांसाठीचा, त्यांनी तो शोधून काढला असणार. ट्रे ठेवताना एका बशीत चहा सांडला. त्यांनी ती सांडलेली बशी स्वतःकडे घेतली आणि चांगली माझ्यासमोर ठेवली. नेहमी ठेवतात तशी.

“साखर बघ गं, बरोबर आहे का,” ते म्हणाले.

मी कप उचलला नाही. मला वाटलं होतं, हे सांगायचं तर त्यांच्या मागे सांगावं लागेल, दाराबाहेर, फोनवर, खालच्या आवाजात. पण आमच्या घरात सगळं मागेच सांगितलं जात होतं, पार्किंगमध्ये, मिठाईच्या पिशवीत, वाहत्या नळाखाली, आणि त्यानेच आम्ही इथवर आलो होतो. मी कागद काढला नाही. बाबांकडे बघत, पण त्या माणसाला कळेल अशा इंग्रजीत, शाळेत कधीच लागला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले,

“त्या फॉर्मवर एक ‘नाही’ आहे, ते मी टाइप केलंय आणि ते खोटं आहे. बाबांची डिप्रेशनची औषधं पुण्याहून मी आणते, ती त्यांनी घेणं बंद केलंय, आणि मला भीती वाटते.”